पटवाऱ्यानं पाय आपटला तेव्हा

मामाजी, उद्या तुमची तेरवी. मांडववाला अंगणात बांबू टाकून गेला आहे, चुलीसाठी लाकडं आली आहेत, आणि मी मागच्या सपरीत, जिथं तुमची खाट होती तिथं, खाली फरशीवर बसून हे लिहून राहिले. तुम्ही असते तर लगेच म्हटलं असतं, "अवं, पाहुण्याईचं पाहा. कागद खरडून का करतं?" बावीस वर्षं मी तुमची सून होते आणि बावीस वर्षं भांडले. सासऱ्याला तोंडावर बोलणारी म्हणून मोहल्ल्यात माझं नाव आहे. आता समोर माणूसच नाही, पण भांडण काही संपलं नाही. शिवाय एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. ती सांगायची तर पटवाऱ्यापासूनच सुरुवात करावी लागते.

तुमच्या नातीनं, रितूनं, त्याला गोंदियाच्या बाजारातून आणलं तेव्हा तो तळहाताएवढा होता. बुटाच्या खोक्यात घालून, पॅसेंजरमध्ये मांडीवर धरून ती त्याला अर्जुनीपर्यंत घेऊन आली. पांढराशुभ्र ससा, लाल डोळे. तिनं नाव ठेवलं कॉटन. तीन महिन्यांनी ती शिकायला नागपूरला गेली आणि कॉटन आपल्या गळ्यात पडला. पण तुम्ही त्याला एक दिवसही कॉटन म्हटलं नाही. पहिल्याच सकाळी तो घरभर फिरला आणि खाटेच्या पायाला, धानाच्या कोठीला, माझ्या शिलाई मशीनला, तुमच्या चपलेलासुद्धा हनुवटी घासून आला. तुम्ही खाटेवरून पाहत होते. म्हणाले, "हे पाहा, हद्द कायम करून राह्यला. पटवारी हाय हा. आजपासून घर याच्या नावावर." मला हसू आलं होतं. तुम्हाला दिसू नये म्हणून मी तोंड फिरवलं.

पहिलं भांडण त्याच दिवशी झालं. तो कोठीखाली शिरला, मी कान धरून ओढला आणि उचलला. सशाला असंच उचलतात, सगळीकडे चित्रातही तसंच असतं. तुम्ही असे ओरडले की माझ्या हातातून तो निसटलाच. "तुले कान धरून उचललं तं कोनी?" मी म्हटलं, जनावर आहे ते. तुम्ही म्हणाले, "म्हनून तं. मानूस बोंबलते तरी. हा बोंबलत नाई."

पंचवीस वर्षं तुम्ही जंगलात वॉचर होते. गुडघे गेले तेव्हा घरी बसले आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, गेल्यावर बोलणंही सोडलं. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला वाटायचं, हा माणूस आता असाच संपणार. आणि मग या मुठीएवढ्या जनावरासाठी तुम्ही खाटेवरून खाली उतरले. चटई टाकून त्याच्याजवळ पालथे पडायचे, पेपर वाचायचे आणि त्याच्याकडे पाहायचेच नाहीत. मी विचारलं, "काऊन असं मेल्यासारखं पडून राहता?" तुम्ही म्हणाले, "त्याच्याकडं पाहाचं नाई. आपल्या कामाकडं पाहाचं. ज्याच्यावर सगळे झपटतात, त्याले न पाहनारा मानूस बरा वाटते." आठ दिवस पेपर वाचला तुम्ही. नवव्या दिवशी तो तुमच्या पाठीवर चढून बसला आणि तुम्ही दीड तास हलले नाहीत, चहा थंड झाला तरी.

मग तुमच्या बंडीच्या खिशात सांबाराच्या, कोथिंबिरीच्या, हिरव्या काड्या राहू लागल्या. पटवारी खिशात तोंड घालायचा, काडी ओढायचा आणि नाही सापडली तर तुमच्या अंगठ्याला दात लावायचा. मलाही दोनदा लावला. मी म्हणायचे, चावरा आहे मेला. तुम्ही म्हणायचे, "चावत नाई बाई, इचारून राह्यला." मी म्हणायचे, रक्त काढून कोण विचारतं? हे भांडण आपण दोन वर्षं भांडलो. ज्या दिवशी तो सपरीत चालता चालता धपकन कुशीवर पडला आणि पाय ताणून निपचित झाला, त्या दिवशी तर मी मेला मेला म्हणून शेजारपाजार गोळा केला होता. तुम्ही खोकला लागेपर्यंत हसले. "झोपला तो. आपल्या भरवशावर जीव टाकून झोपला. एवढं सुख तुले कधी भेटलं का?" खरं सांगते, मामाजी, त्याचा मला राग आला होता. घरातल्या सगळ्यांचं मी करायचे, आणि सुखानं झोपायचा तो ससा.

आता त्या पाय आपटण्याचं. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी तो मागचा पाय फरशीवर आपटायला लागला. धप्प. धप्प. मी मशीनवरून ओरडले, गप रे! तुम्ही मात्र त्या गुडघ्यांनी भिंत धरधरून उठले आणि रांजणामागं पाहिलं. धामण होती, ही लांब. ती गेल्यावर तुम्ही माझ्याजवळ येऊन उभे राहिले. रागावले नव्हते, म्हणून मला जास्त लागलं. "जंगलात वानर खाकरलं तं आमी गप म्हनत नव्हतो. पयले उठत होतो, मंग पाहत होतो काऊन खाकरलं ते. हा पाय आपटते तं सोतासाठी नाई आपटत. दुसऱ्याले सांगते. पयल्या ठोक्याले उठाचं, बाई."

हाव म्हटलं मी. ऐकलं, आणि विसरून गेले.

त्या बुधवारी लग्नाच्या घरचे ब्लाउज द्यायचे होते. मी समोरच्या खोलीत, तुम्ही मागं सपरीत. दुपारचे तीन वाजले असतील. मागून धप्प आला. मग परत धप्प. मी मशीन न थांबवता ओरडले, "मामाजी, तुमच्या पटवाऱ्याले गप करा ना!" तुमचं उत्तर आलं नाही. तुम्ही पुष्कळदा उत्तर द्यायचे नाहीत. परत धप्प, धप्प, धप्प. मी बाही पुरी केली. दुसरी बाही लावली. मधे केव्हातरी तो आवाज थांबला, आणि मला बरं वाटलं. हेच ते, मामाजी. आवाज थांबल्यावर मला बरं वाटलं होतं.

चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही खाटेखाली कलंडलेले होते आणि तो तुमच्या काखेशी बसलेला होता, कान मागं चिकटवून. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, काही करता आलं नसतं. तुमच्या लेकानं ते ऐकून घेतलं. मीही ऐकलं. पण किती वेळ तुम्ही तिथं पडून होते, हे डॉक्टरला माहीत नव्हतं. दोन बाह्या लागायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. मी कोणालाच काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी रीतीप्रमाणं घर धुतलं. मी तर पिसाटल्यासारखी धूत होते. तुमची खाट देऊन टाकली, कपडे, दुपट्टा, चादर सगळं नदीवर गेलं. पटवाऱ्याच्या कोपऱ्यातला गोणपाट, ज्यावर तुमचा जुना दुपट्टा अंथरलेला असायचा, तोही मीच गठ्ठ्यात टाकला. सपरी फिनाईलनं दोनदा पुसली, खाटेच्या जागेची फरशी घासली, मशीनचे पाय, कोठी, उंबरा, काही सोडलं नाही. तुमची बहीण, आपल्या बकुळा आत्या, म्हणाल्या, सून असावी तं अशी. त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं रितू गेली, तिची परीक्षा होती. जाताना म्हणाली, "आई, कॉटनकडे बघ हं." पाहीन म्हटलं.

चौथ्या दिवशी सकाळी पाहिलं तर कालचा मुळ्याचा पाला तसाच. सांबार सुकलेलं. पाण्याला तोंड लावलेलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून गोळा होऊन बसला होता, आत्याबाई गेल्यावर तुम्ही बसायचे तसा. कोपऱ्यात एक लेंडी नाही. मी रितूला फोन लावला. ती रडायलाच लागली. "आई, सशाचं पोट थांबलं ना, की तो जातो. एक दिवसही थांबायचं नाही. किती वेळ झाला त्याला?" मी हिशेब केला. रात्र धरून अठरा-वीस तास होत होते.

तुमचा लेक विधीच्या तयारीत होता, नुकतंच डोकं भादरलेलं. त्याला काही न सांगता मी पिशवीत टॉवेल घातला, त्यात पटवाऱ्याला ठेवलं आणि गुरांच्या दवाखान्यात गेले. सुतकातली बाई ससा घेऊन चालली, लोक वळून पाहत होते. तिथले डॉक्टर भले. म्हणाले, "बाई, मी गाई-म्हशीवाला. ससे फार पाहिले नाहीत." तरी नागपूरच्या कोण्या ओळखीच्याला फोन लावून त्यांनी विचारलं, पोट दाबून पाहिलं, एक सुई दिली आणि बिनसुईची पिचकारी दिली. हिरवा पाला वाटून थोडा थोडा भरवा, पोट चोळा, संध्याकाळपर्यंत खाल्लं पाहिजे. मग विचारलं, "घरात काही बदललं का? जागा, वास, माणूस? घाबरला की खाणं सोडतात हे."

सगळंच बदललं होतं, आणि माणूस सोडला तर बाकीचं मीच पुसून टाकलं होतं. दोन वर्षं हनुवटी घासून घासून त्यानं जे घर आपलं केलं होतं, ते मी एका सकाळी फिनाईलनं परकं केलं. वर शाबासकीही घेतली.

घरी येऊन भरवायला बसले. त्याला मांडीत दाबलं तर तो थरथरायला लागला, पिचकारीतलं सगळं बाहेर. दात करकर वाजवत होता. तुम्हीच फरक शिकवला होता, हळू दळतो तेव्हा सुखात असतो, करकर वाजवतो तेव्हा दुखतं. करकर वाजत होते. बकुळा आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "जाऊ दे वं बाई. कायले छळून राह्यली त्याले? त्याचा जीव दादात होता. दादाच्या मागं मागं चालला तो. भाग्याचं हाय असं जानं." भेटायला आलेल्या दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. किती माया, म्हणे.

माझं डोकं फिरलं, मामाजी. सुतकाच्या घरात मी ओरडले. "मागं नाही चालला तो! मी धुतला त्याचा वास, म्हणून चालला! आणि त्या दिवशी त्यानं पाय आपटला होता! पाच वेळा आपटला! मी गप म्हटलं त्याला! मशीन चालवत बसले मी!" एकदा तोंड उघडलं ते बंदच होईना. बायका दचकून भिंतीला लागल्या. आणि तेव्हा मला दिसलं, बकुळा आत्यांच्या मागं तुमचा लेक उभा होता. हातात विधीचं ताट. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं ताट ठेवलं आणि बाहेर निघून गेला. फाटक वाजलं.

मला वाटलं होतं आत्या धीर देतील, नाहीतर शिव्या देतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणाल्या, "मंग? आता रडून का होते? वाचव ना त्याले."

तेव्हा मला बंडी आठवली.

पटवाऱ्यानं काडी ओढता ओढता तुमच्या बंडीचा खिसा कुरतडला होता, ती बंडी. "जरा दोन टाके मार" म्हणून तुम्ही मला दिली त्याला महिना होऊन गेला. रोज विचारायचे, मी रोज म्हणायचे उद्या. गावाचे ब्लाउज शिवले, घरच्या म्हाताऱ्याचा खिसा राहिला. मशीनखालच्या थैलीत ती तशीच कोंबलेली होती, तुमच्या घामासकट, म्हणून नदीवर गेली नाही. मी ती बाहेर काढली तशा बायका कुजबुजल्या. मेलेल्या माणसाचं न धुतलेलं कापड, चौथ्याच दिवशी, धुतलेल्या घरात! बकुळा आत्यांचाही चेहरा आवळला. जन्मभर सोवळंओवळं पाळलेली बाई. मी म्हटलं, "आत्या, पाप माझ्या माथी." भेटायला आलेल्या बायकांना घेऊन त्या बाहेर गेल्या आणि सपरीचं दार ओढून घेतलं. बाहेरून आवाज आला, "इकडं बसा. आतमंदी गडबड नाई पाहिजे."

मी खाली बसले. बंडी मांडीवर पसरली, खिशात सांबाराची काडी खोचली आणि पटवाऱ्याकडे पाठ केली. पाहायचं नाही. पण आपल्या कामाकडे पाहायचं तर हाताला काम कुठं होतं? सुतकात मशीन बंद. मग फाटक्या खिशाचे दोरे मोजत बसले. मान वळवायची इतकी इच्छा होत होती की मी दात आवळून धरले होते. मागं करकर चालूच. मग ती बंद झाली, आणि मला भीती वाटली, गेला. तरी मी वळले नाही. ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं. पायाला मुंग्या आल्या. बाहेर कोणाचं तरी पोर रडलं आणि आत्यांनी त्याला दटावलं.

किती वेळ गेला कोण जाणे. कोपराला काहीतरी ओलं लागलं. नाक. ते भराभर हलत होतं. तो माझ्या मांडीला वळसा घालून पुढं आला, बंडीवर उभा राहिला आणि खिशात तोंड घातलं. काडी त्यानं ओढली नाही. तोंड आत घालून नुसता उभा राहिला, कान पाडून. मग खिशाच्या कडेला हनुवटी घासली, एकदा, दोनदा. मग माझ्या अंगठ्याला दात लावला. रक्त आलं. मी हात मागं घेतला नाही.

कबूल, मामाजी. चावत नाही तो. आणि काय विचारत होता, तेही मला समजलं. मी तुम्हाला शिव्या दिल्या तेव्हा. मोठ्यानं, रडून रडून. कुठं गेले म्हणून सांगू त्याला?

मग पिचकारी त्याच्या तोंडाजवळ नेली. बंडीत गुंडाळल्यावर तो थरथरला नाही. थेंब थेंब करून गेलं थोडं. दर तासाला भरवलं, पोट चोळलं, परत भरवलं. दिवस मावळायच्या आत त्यानं खिशातली काडी ओढली, आणि कुरकुर करून ती पुरी संपेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

सकाळी बंडीशेजारी चार लेंड्या होत्या. बारीक, वाकड्या, पण चार. मी अंगणापर्यंत ओरडत गेले, "हागला! हागला!" सांत्वनाला आलेले दोन पाहुणे चहाचे कप धरून उभेच राहिले. आणि तुमचा लेक, जो कालपासून माझ्याशी शब्द बोलला नव्हता, तो फाटकातून आत येत होता. हातात हरळी, आपल्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरची, दवानं ओली. तुम्ही आणायचे तशी मुळं काढून, धुऊन. त्यानं ती माझ्या हातात दिली. "बाबा म्हनत, सकाळची हरळी गोड लागते त्याले," एवढंच म्हणाला. माझ्या बाह्यांबद्दल तो तेव्हाही काही बोलला नाही, अजूनही नाही. बोलेल का, माहीत नाही. मी विचारणार नाही.

खिसा मी शिवणार नाही आता. तुम्ही म्हणाल, आळशीच आहेस. असू द्या.

आणि आज दुपारची गोष्ट. उद्याच्या स्वयंपाकासाठी मी समोरच्या खोलीत तांदूळ निवडत होते. दहा-बारा बायका, गप्पा, हसणंही सुरू झालेलं. तेवढ्यात मागून आवाज आला. धप्प. कोणी तरी म्हणालं, ससा वाटतं. मी सूप टाकलं, तांदूळ घरभर सांडले, एकीच्या पायावरून उडी मारली आणि सपरीत पोचले. रांजणामागं पाहिलं, कोठीखाली पाहिलं, भिंतीवर पाहिलं. काही नव्हतं. एक बोका परसातून जात होता, तोही पाठमोरा. पटवारी बंडीवर बसून माझ्याकडे पाहत होता. तुमच्या खाटेची जागा रिकामी होती. मागून बकुळा आत्या धापा टाकत आल्या, "काऊन वं, का झालं?"

काही नाही म्हटलं.

पण मी उठले, मामाजी. पहिल्या ठोक्याला उठले.